लिक्विड डाएट मोडलं आणि तपासणीत एक गोष्ट लपवली, आता वजनाचं ऑपरेशन रद्द होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. वय ४१, बीएमआय ४३, मधुमेहाच्या गोळ्या चालू. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याचं ऑपरेशन, आठ दिवसांवर आली आहे. दोन आठवड्यांचं लिक्विड डाएट सुरू होऊन पाच दिवस झाल्यावर एका रात्री तुम्ही उठून घरच्यांसाठी केलेलं जेवण जेवलात, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच झालं. त्याआधी महिनाभरापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी ‘रात्री उठून खाता का’ असं विचारलं तेव्हा तुम्ही ‘नाही’ म्हणाला होतात. आता सांगितलं तर ऑपरेशन रद्द होईल आणि नाही सांगितलं तर टेबलवर काहीतरी होईल, या दोन भीतींमध्ये तुमची झोप उडाली आहे.

ताई, सांगा. उद्या सकाळी टीमचा फोन लागेल त्या वेळेला, दोन्ही गोष्टी. मी १७ वर्षं बेरिॲट्रिक, म्हणजे वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या, टीममध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि लिक्विड डाएट एकदाही न मोडलेले पेशंट मला फार थोडे भेटले आहेत. मोडणारे नेहमीचेच. सांगणारे मात्र कमी, आणि आम्हाला अडचण येते ती त्या न सांगण्याने.

आधी हे डाएट कशासाठी आहे ते नीट समजून घ्या, कारण बहुतेकांना ते कोणीच नीट सांगत नाही. ‘ऑपरेशनआधी थोडं वजन उतरवा’ एवढंच कानावर पडतं आणि मग पेशंटला वाटतं, आपली निष्ठा तपासली जाते आहे. तसं काही नाही. जठराच्या वरच्या भागावर यकृताचा डावा भाग पांघरल्यासारखा असतो. सर्जनला जठराच्या अगदी वरच्या टोकापर्यंत, अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथपर्यंत, दुर्बिणीतून दिसावं लागतं. त्यासाठी एका धातूच्या पट्टीने यकृत उचलून धरतात. वजन खूप असलेल्या माणसाचं यकृत बहुधा चरबीने भरलेलं, जड आणि ठिसूळ असतं. उचलताना ते फाटू शकतं, रक्तस्राव होतो, आणि त्याच्या मागचं काही दिसत नाही. दिवसाला साधारण ८०० कॅलरी आणि भरपूर प्रोटीन असा आहार दोन आठवडे घेतला की यकृतातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, संपत येतो. एक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, तेही निघून जातं. मागोमाग यकृतातली चरबी कमी व्हायला लागते. यकृत लहान आणि मऊ होतं, सहज उचललं जातं.

आता तुमच्या त्या दोन रात्री. त्यांनी ग्लायकोजेनचा काही साठा परत भरला असेल, पण पाच दिवसांत यकृतातून गेलेली चरबी दोन जेवणांनी परत येत नाही. हातात आठ दिवस आहेत. आजपासून नीट पाळलंत तर फायदा मिळण्याइतका हा वेळ आहे. ‘मोडलंच आहे तर आता काय उपयोग’ हा विचार त्या दोन जेवणांपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण तो उरलेले आठ दिवस खाऊन टाकतो.

मी सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते, ती माझी चूक आहे. एका पेशंटला मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारलं, ‘डाएट पाळताय ना?’ ते म्हणाले, ‘हो.’ मी कागदावर खूण केली. दुसऱ्या दिवशी सर्जनने दुर्बीण आत घातली, यकृत उचलायचा प्रयत्न केला आणि पुढे जाणं धोक्याचं आहे म्हणून थांबवलं. पेशंट शुद्धीवर आले ते पोटावर टाके घेऊन, आणि आतलं जठर जसंच्या तसं. संध्याकाळी मला म्हणाले, ‘मॅडम, चौदापैकी सहाच दिवस पाळलं होतं. तुम्ही ‘पाळताय ना’ असं विचारलंत, मग ‘नाही’ कसं म्हणू?’ त्या ‘ना’ मध्येच मी त्यांचं उत्तर ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला ‘कुठल्या कुठल्या दिवशी मोडलं?’ असं विचारते. मग लोक मोकळेपणाने दिवस मोजून सांगतात. त्या पेशंटचं ऑपरेशन पुढे नीट झालं, पण दोनदा भूल घ्यावी लागली ती माझ्या प्रश्नामुळे, असंच मी मानते.

तुमच्या पत्रात मला यकृतापेक्षा जास्त काळजी वाटली ती गोळ्यांची. लिक्विड डाएटवर असताना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन किती घ्यायचं हे बदललं आहे का, त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. खाणं एकदम इतकं कमी झाल्यावर साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडच्या गटातल्या, आणि इन्सुलिन जुन्याच डोसने घेतलं तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. रात्री दचकून जाग येणं, घाम, थरथर, छातीत धडधड आणि मिळेल ते खावंसं वाटणारी भूक, ही शुगर उतरल्याची लक्षणं आहेत. त्या दोन रात्री तुम्हाला असं काही झालं होतं का, हे आठवून पाहा. झालं असेल तर तुम्ही उठून जेवलात तो मोह नव्हता, शरीराने केलेला बचाव होता, आणि मग डाएटआधी डोस बदलायला हवा. पुन्हा तसं झालं तर लगेच ग्लुकोमीटरने शुगर बघा आणि ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी घ्या. त्याला डाएट मोडणं म्हणत नाहीत. ग्लुकोमीटर हाताशी नसेल आणि लक्षणं असतील तर आधी साखर घ्या, मग मोजायचं बघा.

गोळ्यांचा दुसरा गट आहे तो ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं त्यांचा: डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी, एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर चार दिवस आधी त्या थांबवतात, आणि लिक्विड डाएट करायचं असेल तर पुष्कळदा डाएट सुरू होतानाच. कमी खाणं आणि ही गोळी एकत्र आली की रक्तात आम्ल साठू शकतं आणि शुगर मात्र जवळपास नॉर्मल दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही असेल तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा आणि गोळीचं नाव सांगा. रक्तदाबाच्या आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांचेही डोस या काळात कमी करावे लागतात, नाहीतर उठल्यावर चक्कर येते. हे बदल स्वतःच्या मनाने करू नका. उद्याच्या फोनमध्ये सगळ्या गोळ्यांची यादी वाचून दाखवा.

आता रात्री उठून खाण्याबद्दल. हे डाएट सुरू झाल्यावरच घडलं, की आधीपासून आहे? तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांना ‘नाही’ म्हणालात, म्हणजे आधीपासून असावं असं मी धरते. १९५५ साली अल्बर्ट स्टंकार्ड या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं: सकाळी भूक नाही, संध्याकाळनंतर खाणं वाढत जातं, रात्री झोप मोडते आणि काहीतरी पोटात गेल्याशिवाय परत लागत नाही. आज याला नाईट इटिंग सिंड्रोम म्हणतात. दिवसभरातलं पाव किंवा त्याहून जास्त खाणं रात्रीच्या जेवणानंतर होत असेल, किंवा आठवड्यातून दोनदा तरी उठून खाल्लं जात असेल, तर त्या दिशेने तपासतात. हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. तुम्ही तो लपवला कारण तुम्हाला तो हावरटपणा वाटला.

झोप मोडण्याचं आणखी एक कारण असू शकतं आणि ते भूलतज्ज्ञांना कळणं फार गरजेचं आहे. तुम्ही घोरता का? घरातल्या कुणी कधी सांगितलं आहे का, की झोपेत मध्येच तुमचा श्वास थांबतो? सकाळी डोकं जड असतं का, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो का? तुमच्या वजनाच्या लोकांमध्ये स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं, प्रमाण खूप असतं आणि बऱ्याच जणांना तो आहे हे माहीतच नसतं. श्वास अडला की मेंदू जागं करतो आणि जागं झालेला माणूस स्वयंपाकघराकडे जातो. झोपेची तपासणी झाली नसेल तर विचारा. ॲप्निया निघाला तर सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाचा मार्ग उघडा ठेवणारं मशीन, ऑपरेशनआधीच लावायला लागतात आणि नंतरच्या रात्री तेच मशीन हॉस्पिटलमध्ये सोबत न्यायचं असतं. भुलीनंतर आणि वेदनाशामक औषधांच्या गुंगीत श्वास अडण्याचा धोका वाढतो, म्हणून ही गोष्ट यादीत वर हवी.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात ते ‘नापास’ करायला, हा समज मी रोज ऐकते. रात्रीचं खाणं सांगितल्यामुळे कायमचं ‘नाही’ मिळालेला पेशंट मी पाहिलेला नाही. पुढे ढकललं गेलेलं मात्र पाहिलं आहे, काही आठवडे, क्वचित काही महिने. तुमच्या बाबतीतही तसं होऊ शकतं, हे मी लपवणार नाही. तारीख पुढे गेली तर वाईट वाटेल, रडू येईल, सुट्टीची आणि घरची सगळी जुळवाजुळव परत करावी लागेल. पण ऑपरेशन नेमकं काय बदलतं ते बघा. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. वरचा फुगीर भाग जातो, आणि घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन मुख्यतः तिथेच तयार होतं, म्हणून पहिले काही महिने भूक खरोखर कमी लागते. पण रात्री दोन वाजता उठून खाणं भुकेवर चालत नसेल तर ते जाग्यावरच राहतं. लहान झालेल्या जठरात एकदम जास्त मावत नाही हे खरं, पण मऊ, गोड, पातळ पदार्थ थोडे थोडे करून सहज उतरतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वजन परत वाढायला लागलेले जे पेशंट माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या अनेकांची सवय ऑपरेशनआधीचीच असते, आणि फाइलमध्ये तिचा उल्लेख नसतो.

तुम्ही लिहिलंय की घरातले म्हणतात, ‘तोंडावर ताबा ठेवला असता तर कापाकापी करावी लागली नसती.’ मला हे वाक्य फार लागतं, कारण ते ऐकून ऐकून पेशंट खोटं बोलायला शिकतात. वजन घटवलं की शरीर ते परत मिळवायला झटतं: घ्रेलिन वाढतं, शरीराची ऊर्जा खर्च करण्याची गती मंदावते, आणि हे वर्षभरानंतरही टिकतं. तुम्ही तीन वेळा १५ किलो उतरवलेत आणि तीनही वेळा परत वाढलेत, त्यामागे हे आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांची आणि न झालेल्यांची वर्षानुवर्षं तुलना केली, आणि ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. निव्वळ रूपासाठी कुणी एवढं करत नाही. तुमचा मधुमेह आटोक्यात यावा, गुडघे टिकावेत, म्हणून तुम्ही हे करताय. घरच्यांना टीमच्या एका भेटीला सोबत न्या. तेच बोलणं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बऱ्याच घरांचा सूर बदलतो.

आठ दिवसांसाठी माझ्या अनुभवातून काही. स्वयंपाक तुम्ही करू नका. हे पहिलं आणि सगळ्यात कामाचं. लिक्विड डाएटवरच्या माणसाने तीन वेळा इतरांसाठी रांधायचं, चव बघायची नाही, वाढायचं आणि झाकून ठेवायचं, ही अपेक्षा चुकीची आहे. आठ दिवस दुसऱ्या कुणीतरी हे बघावं, आणि रात्री उरलेलं जेवण तुमच्या हाताशी राहू नये. डाएटमधले प्रोटीन शेक दिवसभरात सारख्या अंतराने घ्या आणि एक झोपण्याआधीसाठी राखून ठेवा. सगळे संध्याकाळी सहापर्यंत संपवणारे रात्री कोसळतात. जाग आलीच तर गाळलेलं गरम सूप आधीच तयार असू दे, ते घेतल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास डोकेदुखी, चिडचिड, थकवा येतो, तो तुमचा होऊन गेला असेल. मध्ये दोनदा जेवल्यामुळे थोडासा परत येईल, मग घाबरू नका. बद्धकोष्ठ होतं. त्यावर टीमकडून औषध मागा, सहन करत बसू नका.

याच दिवसांत पुढची एक सवय लावून घेता येते. पेलाभर पाणी घोट घोट करत अर्ध्या तासात संपवून बघा. ऑपरेशननंतर असंच प्यावं लागेल, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. पहिल्या महिन्यात पेशंट परत दाखल होतात त्याचं एक मोठं कारण पाणी कमी पडणं हे असतं. भुकेची भीती सगळ्यांना असते, पण त्रास देते ती पाणी पोटात न जाण्याची गोष्ट.

तंबाखू कुठल्याही रूपात असेल, तर तेही उद्याच सांगा. साधारण सहा आठवडे आधी बंद करायला सांगतात, कारण जखम भरणं, फुप्फुसं आणि रक्ताच्या गुठळ्या या तिन्हींशी त्याचा संबंध आहे. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल, सेमाग्लुटाइडसारखं, तर भूलतज्ज्ञांना शेवटची तारीख हवी. त्या औषधाने जठर हळू रिकामं होतं, उपाशी असूनही पोटात काही शिल्लक राहू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर गुठळीच्या धोक्यामुळे त्या आधीच थांबवतात, पण गर्भनिरोधन थांबवायचं नसतं: वजन उतरू लागलं की पाळी नियमित होते, गर्भ राहण्याची शक्यता वाढते, आणि पुढचे १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. ४१ व्या वर्षी ‘आता कुठे’ म्हणून हे सोडून देऊ नका. दारूचं प्रमाण खरं खरं सांगा. ऑपरेशननंतर ती झपाट्याने चढते, आणि काही जणांमध्ये खाण्याची जागा दारू घेते, बहुधा दुसऱ्या वर्षानंतर.

छातीत जळजळ किंवा आंबट पाणी घशाशी येणं असेल आणि त्याबद्दलही तुम्ही गप्प राहिला असाल, तर तेही बोला. स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो. जास्त असेल तर काहींना स्लीव्हऐवजी गॅस्ट्रिक बायपास हे वजनाचं दुसरं ऑपरेशन सुचवतात. म्हणजे एका न सांगितलेल्या गोष्टीवरून कुठलं ऑपरेशन करायचं हेही बदलू शकतं.

टेबलवर काही होईल का, या भीतीबद्दल. अनुभवी टीमकडे या ऑपरेशनमधल्या मृत्यूचं प्रमाण आज हजारात एकाच्या आसपास आहे, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास. धोका शून्य नाही. शिवणीतून गळती, रक्तस्राव, गुठळी, हे होऊ शकतं, आणि त्याच दिवशी तुम्हाला उठवून चालायला लावतात ते गुठळी टाळायला. पण तुमचं यकृत, तुमची शुगर आणि तुमची झोप यांची खरी माहिती टीमकडे असेल, तर त्या धोक्यातला बराचसा भाग आधीच हाताळता येतो. गरज वाटली तर यकृताची सोनोग्राफी परत करतील, शुगरची नोंद बघतील, एखादा आठवडा जास्त डाएट देतील.

फोनवर काय बोलू, असं तुम्ही शेवटी विचारलंत. मोठी प्रस्तावना नको. ‘माझं ऑपरेशन अमुक तारखेला आहे. लिक्विड डाएटमध्ये दोन रात्री मी जेवले, साधारण इतकं खाल्लं. मधुमेहाच्या या या गोळ्या या डोसने चालू आहेत. आणि रात्री उठून खाण्याबद्दल मी तपासणीत नाही म्हणाले होते, ते खरं नव्हतं. आठवड्यातून इतक्या वेळा होतं.’ एवढंच. कागदावर लिहून वाचलंत तरी चालेल, माझे कितीतरी पेशंट वाचून दाखवतात आणि मला त्यात सोयच होते. पलीकडची व्यक्ती रागावली किंवा तिने ऐकून घेतलं नाही, तर सर्जनशी थेट बोलायचं आहे असं सांगा. तोवर आज रात्रीसाठी सूप गाळून ठेवा, ग्लुकोमीटर उशाशी ठेवा, आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा की दोन वाजता दिवा लागलेला दिसला तर येऊन माझ्याजवळ बस.